क्रूझवर भावंडांची ताटातूट कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत क्रूझच्या सुट्टीवर पानभर लेख छापलात, वाचला, फोटोपण झकास होते, पण मुलांचा विषय मात्र "मुलांसाठी स्वतंत्र किड्स क्लब असतो, त्यामुळे आईबाबा निवांत" एवढ्या एका वाक्यात उरकलात ते काही पटलं नाही. घरात एकच मूल असेल तर ते वाक्य अगदी खरं आहे. पण दोन असतील आणि दोघांत दोन-तीन वर्षांचं अंतर असेल, जे आपल्याकडे कितीतरी घरांत असतं, तर तिथे एक भानगड आहे आणि ती बुकिंग करताना कोणी म्हणजे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, काटछाट तुम्ही करालच.

तर भानगड अशी की किड्स क्लब म्हणजे एक मोठी खोली आणि त्यात सगळी पोरं खेळतायत असं नसतंच. वयाप्रमाणे गट असतात, प्रत्येक गटाची खोली वेगळी, ताई-दादा वेगळे, कार्यक्रम वेगळे. आणि ही वयं प्रत्येक कंपनीने आपल्या मनाने ठरवलेली. नॉर्वेजियन नावाच्या क्रूझ कंपनीच्या बोटींवर ३ ते ५, ६ ते ९ आणि १० ते १२. कार्निव्हलवर २ ते ५, ६ ते ८, ९ ते ११. एमएससीवर ३ ते ६ आणि मग ७ ते ११. प्रिन्सेसवर ३ ते ७ आणि ८ ते १२. आता जरा हिशोब करून बघा. ६ आणि ८ वर्षांची भावंडं नॉर्वेजियन आणि कार्निव्हलवर एकाच खोलीत बसतात, पण तीच दोघं एमएससीवर गेली तर सहा वर्षांचा तीन वर्षांच्या पिल्लांमध्ये आणि आठ वर्षांची अकरा वर्षांच्या घोड्यांमध्ये, प्रिन्सेसवरही तेच. ८ आणि ९ ची घ्या, कार्निव्हलवर फुटली, बाकी तिन्हीकडे एकत्र. ५ आणि ७ ची घ्या, फक्त प्रिन्सेसवर एकत्र, बाकी सगळीकडे वेगळी. म्हणजे आपली पोरं एकत्र राहणार की नाही हे पोरांवर नाही, तुम्ही कुठल्या कंपनीचं तिकीट काढलंत आणि बोटीवर चढताना वाढदिवस होऊन गेला होता की व्हायचा होता, यावर ठरतं!

मला कोणी सांगितलं की हे बालमानसशास्त्राप्रमाणे केलेलं असतं, तर मी विचारेन की बाबा मग बालमानसशास्त्र बोटीगणिक बदलतं का. पाचाला एक रेष, सहाला एक, सातला एक. मुळात ती सोयीची रेष आहे, आणि सोय असायला माझी काही हरकत नाही, पण सोयीची आहे म्हटल्यावर ती थोडी इकडेतिकडे सरकवता यायला पाहिजे एवढंच.

डिस्ने कंपनीचं उदाहरण आहेच की. त्यांच्या काही बोटींवर ओशनिअर क्लब आणि ओशनिअर लॅब अशा दोन जागा आहेत आणि ३ ते १० वर्षांची सगळी मुलं दोन्हीकडे जाऊ शकतात. कार्यक्रम कुठला लहानांना झेपेल, कुठला मोठ्यांना, हे त्यांनी ठरवलेलं असतंच, पण दारावर वय बघून एकाला इकडे एकाला तिकडे असं नाही. चार वर्षांचा आणि नऊ वर्षांची एका ठिकाणी राहू शकतात. म्हणजे जमतं. तिकीट महाग असतं त्यांचं, ते मान्य, पण भावाला बहिणीजवळ बसू द्यायला काय पैसे पडतात?

आता आमचं सांगते. मुलगा, सून, नात दुसरीतली आणि नातू सिनियर केजीतला, आणि मी, असे आम्ही सिंगापूरहून क्रूझला गेलो होतो, ट्रॅव्हल कंपनीच्या ग्रुपबरोबर, ग्रुप जवळजवळ सगळा मराठीच, त्यामुळे डेकवर भेळेचा कार्यक्रमसुद्धा झाला. कुठली बोट, कुठली ट्रॅव्हल कंपनी ते लिहीत नाही, माणसं सगळी चांगलीच होती आणि माझं भांडण माणसांशी नाही, नियमाशी आहे. त्या बोटीवर रेष सहाला होती. नात वरच्या गटात, नातू खालच्या. दोन खोल्या शेजारी-शेजारी, मध्ये काचेची भिंत, त्यावर मासे चिकटवलेले.

नातू घरी तोंडाची टकळी चालू ठेवणारा, पण सगळं मराठीत. शाळेत इंग्रजी आहे म्हणायला, ए फॉर ॲपल येतं, "मे आय गो टू टॉयलेट" पाठ आहे पण ते फक्त त्याच्या मॅडमसमोर तोंडातून निघतं. खालच्या गटाचा नियम असा की मुलाला आपलं आपण बाथरूमला जाता आलं पाहिजे, डायपर चालत नाही, आणि स्टाफ आत मदतीला येत नाही. बहुतेक मोठ्या कंपन्यांचा तीन वर्षांपुढच्या गटाला असाच नियम असतो आणि तो का असतो ते मला कळतं, त्यात मुलाचीच सुरक्षितता आहे. आमचा नातू जातो आपला आपण, फक्त सुनेने हौसेने त्याला नवीन जीन्स घातलेली आणि तिचं बटण इतकं घट्ट की मलासुद्धा दोन्ही हात लावावे लागत होते. घरी असं काही अडलं की तो ताईला हाक मारतो, ताई येते, बटण काढते, वर एक टपली देते, विषय संपला. इथे ताई काचेपलीकडे! तो काचेजवळ जाऊन उभा राहिला आणि "ताई, ताई" करायला लागला. तिथली सांभाळणारी मुलगी फिलिपिनो होती, फार गोड, गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलत होती, तिला वाटलं तहान लागली, तिने त्याला ज्यूस दिला. झालं! पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. सुनेला फोन आला तेव्हा खाली थिएटरात शो नुकता सुरू झालेला.

त्यानंतर तो एकटा आत जायलाच तयार होईना, आणि त्याचं काय चुकलं हो? सून काउंटरवर गेली, विचारलं की मोठीला याच्याबरोबर बसू द्याल का, किंवा याला तिच्या खोलीत. तर उत्तर, सॉरी मॅम, एज ग्रुप. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वरिष्ठ बाई भेटल्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की लहानाला वर नाही घेता येणार, पण मोठीला खाली बसायचं असेल तर बसू दे. आम्ही खूश. पण त्यातही एक मेख निघाली. खाली तीन वर्षांच्या मुलांबरोबर कागदी कासवं रंगवणं चाललेलं आणि काचेपलीकडे हिच्या गटातल्या मुली स्लाइम बनवतायत, हिरवं, चमकी घातलेलं. नात बसली थोडा वेळ, मग माझ्याकडे येऊन फणकाऱ्याने म्हणते, "आज्जी, मी काय बाळ आहे का?"

तिचंही बरोबर होतं. आणि म्हणूनच मला हा प्रश्न "मोठ्याला खाली बसवा" एवढ्यावर मिटवावासा वाटत नाही.

गट का करतात याची कारणं मी तिथे विचारली होती आणि खोटी नाहीत ती. मोठ्यांच्या खेळात बारीक तुकडे असतात, तीन वर्षांचं पोर ते तोंडात घालणार. दहा-अकरा वर्षांची मुलं धावताना खाली कोण बसलंय बघत नाहीत. लहानांना जास्त माणसं लागतात सांभाळायला. आणि मोठ्या मुलांनाही वाटतं की आपल्याला आपल्या बरोबरीच्यांत जरा हवं तसं वागता यावं, त्यांच्यात एक चार वर्षांचं शेंबडं सोडून दिलं की सगळा खेळच बदलतो. हे सगळं कबूल. पण त्याच बोटीवर मी हेही बघितलं की रात्री दहानंतर, जेव्हा ते तासाचे वेगळे पैसे लावतात, तेव्हा पोरं कमी उरली की दोन्ही गट सरळ एकाच खोलीत घेतात. तेव्हा बारीक तुकडे कुठे जातात? कपाटात जातात, आणि पोरं एकत्र सिनेमा बघतात, गाद्यांवर लोळतात, काही होत नाही. मग हेच दुपारी तीनला का नाही?

सुरक्षेचं म्हणाल तर क्लबमध्ये नाव घातलं की मुलाच्या मनगटावर पट्टी बांधतात, तिच्यावर मस्टर स्टेशनची खूण असते, म्हणजे काही आणीबाणी झाली आणि भोंगा वाजला तर मुलाला बोटीवर कुठल्या जागी आईबापांकडे पोचवायचं ते. एका केबिनमधल्या दोन भावंडांच्या पट्टीवर खूण एकच असते. म्हणजे खरोखर संकट आलं तर त्यांना न्यायचं एकाच जागी आहे, दोन खोल्यांतून दोन माणसांनी. एकत्र असती तर एकच माणूस पुरला असता. मी काही जहाजावरची अधिकारी नाही, पण एवढं साधं गणित कोणालाही कळेल.

आणि वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र सांभाळणं ही काय अशक्य गोष्ट आहे का? आपल्या महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत द्विशिक्षकी शाळा कितीतरी आहेत, शिक्षण हक्क कायद्यातच पाचवीपर्यंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं धरलंय, म्हणजे एकेक गुरुजी दोन-तीन इयत्ता एका खोलीत घेऊन बसतात आणि पहिलीतला भाऊ तिसरीतल्या बहिणीच्या मांडीला मांडी लावून पाटी गिरवतो. माझी स्वतःची नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, त्यामुळे मला हे ऐकीव सांगायची गरज नाही. ती काही आदर्श व्यवस्था आहे असं मी म्हणणार नाही, शिक्षकाची दमछाक होते, पण लहान मूल त्यात बावरत नाही हे मात्र शंभर टक्के. माँटेसरीबाईंच्या पद्धतीतसुद्धा ३ ते ६ ची मुलं एकाच वर्गात मुद्दाम एकत्र ठेवतात.

त्याच्याही पुढचं उदाहरण आपल्या डहाणू तालुक्यातलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी पाड्यांवरच्या मोठ्या मुली शाळेत येईनात, का तर कडेवर धाकटं भावंड. आईबाप कामावर, मग पोर कोण सांभाळणार? तर ताराबाईंनी विकासवाडी काढली, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई भावाला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात द्यायची आणि पलीकडे आपल्या वर्गात बसायची. तो रडला तर ती जवळच, आणि तिचा अभ्यासही सुटला नाही. क्रूझच्या वातानुकूलित किड्स क्लबची आणि कोसबाडच्या पाड्याची काय तुलना असं कोणी म्हणेल, पैशाच्या हिशोबाने नाहीच तुलना, पण प्रश्न तोच आहे ना, की धाकट्याला ताई हाकेच्या अंतरावर हवी आणि ताईला तिचं बालपण हवं. हे दोन्ही एकदम बघणाऱ्या बायका आपल्याकडे होऊन गेल्या.

हे दुसरं मी मुद्दाम जोर देऊन लिहितेय, कारण आपल्याकडे "मोठी आहे ना, ती सांभाळेल" हे फार पटकन होतं, त्यातून ती मुलगी असेल तर बघायलाच नको. मला भावंडं एकत्र हवीत म्हणजे मोठीला फुकटची आया करायची असं अजिबात नाही. ती सुट्टीवर आहे. तिलाही स्लाइम करायचंय. एकत्र राहायची मुभा पाहिजे, सक्ती नको, आणि मुभा मुलांच्या हातात पाहिजे, आमच्या नव्हे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नाव नोंदवताना मोठ्या भावंडाचं नाव दोन्ही खोल्यांत लिहून घ्यावं, म्हणजे त्याला वाटलं तर त्याने खाली डोकवावं, दहा मिनिटं बसावं, बटण काढून द्यावं, परत जावं, दर वेळी वरिष्ठ बाईंची परवानगी काढत बसायला नको. धाकट्याला वर पाठवायला नको, ते मला पटलंय. दिवसातून एक वेळ अशी ठेवा की दोन्ही गट एकत्र, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, जेवून पोरं सुस्तावलेली असतात, काहीतरी बसून करण्यासारखं द्या, गोष्ट सांगा, मोठे ठोकळे द्या. आणि पहिल्या दिवशी बोट सुटायच्या आधी जो क्लब बघायला उघडा ठेवतात, ज्यात आईबाप आत जाऊ शकतात, त्यात भावंडांना एकमेकांची खोली दाखवा, ताई इथे असणार, तू इथे, मध्ये दार हे. निम्मं रडं तिथेच थांबेल. आमच्या वेळी तो उघडा क्लब आम्हाला कळलाच नाही कारण टूर मॅनेजरने सगळ्यांना बुफेकडे पिटाळलं होतं, म्हणे गर्दी व्हायच्या आत जेवून घ्या.

टूर मॅनेजरवरून आठवलं. आपल्या मराठी ट्रॅव्हल कंपन्यांचं मला खरंच नवल वाटतं. फॉर्मवर जैन जेवण का, कांदा-लसूण चालतो का, टोपीचा रंग कुठला, गुडघेदुखी आहे का, सगळं विचारतात, आजी आहे म्हटल्यावर व्हीलचेअर लागेल का तेही दोनदा विचारलं (नाही लागली). पण बरोबर दोन मुलं आहेत, वयं ही ही, आणि या बोटीवर गटाची रेष इथे आहे त्यामुळे ती वेगळी पडतील, हे एक वाक्य कोणी बोललं नाही. वयं तर त्यांच्याकडे असतात, पासपोर्टची झेरॉक्स घेतलेली असते! उलट त्यांनीच ग्रुपतर्फे कंपनीशी आधी बोलावं. एका ग्रुपमध्ये चाळीस-पन्नास माणसं जातात, आठ-दहा पोरं असतात, त्यातली निम्मी फक्त मराठी बोलणारी. एकटी आई काउंटरवर विनंती करते तेव्हा उत्तर वेगळं मिळतं आणि दर सीझनला बोट भरून माणसं आणणारी कंपनी विचारते तेव्हा वेगळं, हे मी नवीन सांगायला नको.

मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची बोट गोव्याला, लक्षद्वीपला जायला लागली, आता बॅलार्ड पिअरला नवीन क्रूझ टर्मिनलही झालंय. म्हणजे सिंगापूरला विमानाने जायचीसुद्धा गरज नाही, सांगली-साताऱ्याची मंडळी रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी बोटीत बसतील, पोराबाळांसकट. पूर्वी हौशी चार लोक जायचे तेव्हा ठीक होतं, आता ही सर्वसाधारण घरातली सुट्टी होत चालली आहे. परदेशी कंपन्यांनी त्यांच्या मुलांसाठी केलेले नियम असतील, तिथली मुलं दोन वर्षांची असल्यापासून डे-केअरला जातात, त्यांना अनोळखी खोलीची सवय असते. आमच्याकडचं पोर आजीजवळ, ताईजवळ वाढलेलं असतं. बोट जर आमच्या बंदरातून सुटणार असेल तर नियम करताना निदान आमच्या पोरांकडे एकदा बघायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतील की एवढं आहे तर पोरांना क्लबमध्ये टाकताच कशाला, स्वतःजवळ ठेवा, फिरायला मुलांना घेऊन गेलात ना. म्हणणारे बहुतेक करून ज्यांनी दोन लहान मुलं घेऊन चार भिंतींच्या केबिनमध्ये पावसाळी दुपार काढलेली नसते असे असतात. माझी सून वर्षभर नोकरी, घर, डबे करते, तिने दोन तास नवऱ्याबरोबर शो बघितला तर आभाळ कोसळत नाही. आणि मला म्हणाल तर मी बसले असते पोरांजवळ, बसलेही, पण तिकिटाचे पैसे मीही भरले होते आणि मलाही तो जादूगार बघायचा होता!

तर संपादक महाशय, पुढच्या वेळी क्रूझवर पान काढाल तेव्हा बुफेचा एक फोटो कमी करा आणि त्या जागी एक चौकट छापा, कुठल्या कंपनीच्या बोटीवर मुलांचे गट कुठल्या वयाला तुटतात, मोठं भावंड खालच्या गटात बसू शकतं का, क्लबची वेळ काय आणि रात्री दहानंतर पैसे किती. कंपन्यांना तुमच्या वार्ताहराने फोन केला तर ते सांगतील, आम्हाला सांगत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीची बुकिंगं आता सुरू होतील, त्याच्या आत छापलंत तर बऱ्याच घरांना उपयोग होईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)